बंद पडलेले लोहमार्ग आणि नकाशा



सांगलीच्या स्टेशन चौकांत उभें राहून एखाद्या परक्या पाहुण्यानें स्टेशन कोठें आहे असें विचारिलें, तर त्यास हंसूं नये. मिरजेहून येणारा सांगली संस्थानचा लहानसा लोहमार्ग १९०७ सालीं सुरू झाला. पुढें १९७१ च्या सुमारास पुणें-मिरज मार्ग रुंद झाला, सांगलीचें स्टेशन नव्या वाटेवर गेलें. चौकाचें नांव तेवढें मागें राहिलें. सातारा जिल्ह्यांतही तसेंच घडलें. साताऱ्याच्या उतारूंनीं जेथें उतरावें तें 'सातारा रोड' नव्या मार्गानें बाजूस टाकिलें, आणि गाडी माहुलीकडून जाऊं लागली.

अशा सोडून दिलेल्या मार्गांस नकाशांत स्थान असावें काय? कित्येक म्हणतात, नकाशा आजच्या भूमीचा. जें चालत नाहीं तें त्यांत कशास? हें म्हणणें अर्धेंच खरें आहे. गाडी बंद झाली म्हणजे भराव आणि पूल नाहींसे होत नाहींत. कृष्णेचे २००५ व २०१९ सालचे पूर आपणांस ठाऊक आहेत. वाटेंतला भराव चालू मार्गाचा कीं बंद मार्गाचा, ह्याचें पुराच्या पाण्यास सोयरसुतक नसतें. बांध आडवा आला कीं तें तुंबतें. तसेंच, दुरून दिसणारा पूल वापरांत नाहीं, हें वाटसरूस आधींच कळलें पाहिजे.

म्हणून माझें मत असें कीं, जें उभें आहे तें दाखवावें. परंतु चालू मार्गाच्या चिन्हानें नव्हे. तुटक रेघ काढून शेजारीं 'जुना लोहमार्ग, बंद' असें लिहावें. जेथें भरावही जाऊन घरें उठलीं आहेत, तेथें आजच्या नकाशांत रेघ ओढूं नये. तिची जागा ऐतिहासिक नकाशांत आहे.

हें काम केवळ सरकारी सर्वेक्षण खात्याचें नव्हे. २००४ सालीं सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप ह्या नकाशांत कोणासही भर घालतां येते, आणि बंद मार्गांसाठीं त्यांत निराळ्या खुणा आहेत. मात्र ती जुनी लहान गाडी ज्यांनीं डोळ्यांनीं पाहिली ते आतां साठीच्या पुढें गेले आहेत. पालकांस विनंति कीं, घरच्या वडील मंडळींकडून ती वाट मुलांस समजावून द्यावी. विद्यार्थ्यांनीं चालू मार्गाच्या हद्दींत न शिरतां ती स्वतः पाहावी, ऐकीव व पाहिलेलें वेगळें लिहून ठेवावें, आणि मगच नकाशावर रेघ काढावी.