सही झाली, पण काम?

मैत्रिणींनो, ‘इंटर्नशिप’ हा शब्द आता आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीतही घरोघरी पोहोचला आहे. बी.एड.ची मुलं शाळेत शिकवायला जातात. डॉक्टर होणाऱ्यांना वर्षभर इंटर्न म्हणून राबावं लागतं. 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली आणि बारावी, आयटीआय, पदवी झालेल्यांना दरमहा 6 ते 10 हजार रुपये विद्यावेतन ठरलं.

चांगलंच झालं! पण कुरकुरही ऐकू येते. एकाने चौघांच्या सह्या करायच्या, समोर माणूस उभा असताना मोबाइलमध्ये डोकं खुपसायचं, भामरागडकडून आलेली माडिया बोलणारी बाई काही सांगू लागली की एकमेकांकडे बघून हसायचं. ‘पोरंच ती, चालायचंच’ म्हणून सोडून देण्यासारखं हे आहे का? त्या बाईचा दिवस बुडतो, मजुरी बुडते. अशी हसून परत पाठवलेली बाई पुढच्या दुखण्याला दवाखान्यात येईल का?

मुलांना संयम नाही, असं आपण पटकन म्हणून टाकतो. अमेरिकेत वॉल्टर मिशेल यांनी लहान मुलांपुढे खाऊ ठेवून ती किती वेळ थांबतात ते पाहिलं होतं. थांबणारी मुलं पुढे यशस्वी होतात, असा मग बोलबाला झाला. 2018 मध्ये इतर संशोधकांनी जास्त मुलांवर ते तपासलं, तेव्हा घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर तो फरक बराच ओसरला. म्हणजे नुसत्या स्वभावाला दोष देऊन भागत नाही. जिथे साहेबच बारा वाजता उगवतात आणि इंटर्नला चहा आणण्यापलीकडे काम देत नाहीत, तिथे तो शिकणार तरी काय?

आणि आपण? सकाळी तीनदा उठवतो, वर ‘सर, आज पोराला बरं नाही’ असा खोटा फोनही आपणच करतो. तो फोन बंद करू या. गजर त्याचा त्याला लावू द्या. रात्री जेवताना एवढंच विचारा, ‘आज तुझ्यामुळे कोणाचं काम झालं?’

लेकीला मात्र आणखी एक सांगा. संयम म्हणजे निमूट सोसणं नव्हे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा प्रशिक्षणार्थी मुलींनाही लागू आहे. दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे तक्रार समिती हवीच. लहान ठिकाणांसाठी जिल्ह्याची समिती असते. पहिल्याच दिवशी तिने ती चौकशी करून ठेवावी. वेळ पाळणारी मुलगी वेळेला बोलणारीही हवी.