पास न झालेला काटा

माणसाला काही शत्रू नात्यातून मिळतात, काही शेजारातून. माझा मात्र भिंतीवर टांगलेला आहे. आमच्या शाखेच्या दाराशी हजेरीचं यंत्र आहे, ते रोज सकाळी माझा अंगठा मागतं. जुना सावकारही अंगठा मागायचा. पण तो आधी पैसे तरी द्यायचा. हे यंत्र अंगठा घेतं आणि वर रजाही कापतं.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. दहाला दोन मिनिटं कमी असताना मी छत्री झटकत आत शिरलो. यंत्र म्हणालं, दहा वाजून दोन मिनिटं. महिन्यातला तिसरा लेट मार्क, म्हणजे एक किरकोळ रजा खलास. ती रजा मी मेहुणीच्या साखरपुड्यासाठी जपून ठेवली होती. पुढे घरी काय झालं, ते विवाहित वाचकांना सांगायला नको आणि अविवाहितांना सांगून उपयोग नाही.

मी साहेबांकडे गेलो.

“साहेब, यंत्र चार मिनिटं पुढे आहे.”

“कशावरून?”

मी मोबाइल दाखवला.

“मोबाइलचं काय घेऊन बसलात! तो कुणीही बोटानं मागेपुढे करतो.”

“आणि यंत्र?”

“ते ऑफिसचं आहे.”

या युक्तिवादापुढे भलेभले गप्प होतात. मी तर कारकून. पण मी कॉमर्सचा पदवीधरही आहे. नोंदीच्या मागे व्हाउचर पाहिजे, एवढी एकच गोष्ट कॉलेजात माझ्या डोक्यात शिरली आणि तिनं आजवर माझं पोट भरलं. मग ‘दहा वाजून दोन मिनिटं’ या नोंदीचं व्हाउचर कुठे आहे? चौकशी केली. बॅटरी बदलली तेव्हा मेकॅनिकनं आपल्या मनगटाकडे बघून वेळ लावली होती, हे मला चहावाल्यानं सांगितलं. (आमच्या शाखेची सर्व गोपनीय माहिती चहावाल्याकडे असते.)

मी एकवेळ गप्प बसलोही असतो. पण त्याच आठवड्यात कंत्राटावर झाडझूड करणाऱ्या बाईंची अर्ध्या दिवसाची मजुरी कापली गेली. तीन मिनिटं उशीर. मी म्हटलं, “बाई, तुम्ही वेळेवर होत्या. यंत्रच पुढे आहे.” त्या म्हणाल्या, “मशीन थोडीच खोटी बोलते जी, भाऊ?”

हे वाक्य काही केल्या माझ्या डोक्यातून जाईना.

आमचे चिरंजीव नागपूरला इंजिनिअरिंग शिकतात. ते म्हणाले, “बाबा, वेळेचं व्हाउचर पाहिजे ना? आकाशातून आणू. जीपीएसचा रिसीव्हर घ्यायचा आणि एक रास्पबेरी पाय.”

“कोणाचा पाय?” आईनं आतून विचारलं. तिचे गुडघे दुखतात, त्यामुळे तेवढा शब्द तिला बरोबर ऐकू येतो. हा पाय म्हणजे तळहाताएवढा कंप्युटर, हे तिला पटवण्यात एक संध्याकाळ गेली.

जीपीएस आपल्याला रस्ता दाखवतं म्हणून ठाऊक. पण मुळात ते घड्याळ आहे. सुमारे वीस हजार दोनशे किलोमीटर उंचीवरून अणुघड्याळं बाळगणारे उपग्रह फिरत असतात आणि सारखे ओरडत असतात : ‘मी अमुक जागी, आता अमुक वाजले!’ प्रकाशाच्या वेगानं आली तरी ती हाक उमरेडला पोचायला सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो. निदान चार उपग्रहांच्या हाका पकडल्या, की रिसीव्हर स्वतःची जागा आणि नेमकी वेळ दोन्ही काढतो. तो मजकूर तारेतून कंप्युटरपर्यंत येईस्तोवर किंचित शिळा होतो, म्हणून आणखी एक तार दर सेकंदाच्या ठोक्याला नुसतं ‘आत्ता!’ म्हणते. मग घरातली बाकी सगळी यंत्रं या एका यंत्राला वेळ विचारतात.

अँटेनाला उघडं आभाळ लागतं, टिनाखाली तिचं चालत नाही. म्हणून ती छतावर, सौभाग्यवतींच्या वाळवणाशेजारी बसवायला घेतली. पलीकडून काकाजींनी हाक मारली.

“काऊन जी भाऊ, छतावर काय करून राह्यले?”

“उपग्रह पकडून राहिलो, काकाजी.”

“सापडला का?”

“नऊ सापडले.”

“मंग एक आमच्या इकडे द्या न बाप्पा! दोन दिसापासून टीव्ही बंद हाय.”

रात्री चिरंजीवांनी जाहीर केलं, की आपण आता पहिल्या थरात आहोत. अमेरिकेतल्या डेव्हिड मिल्स नावाच्या प्राध्यापकांनी १९८० च्या दशकात कंप्युटरांनी एकमेकांना वेळ विचारण्याची रीत घालून दिली. तिच्यात उतरंड आहे. मूळ घड्याळ शून्याच्या थरात, त्याला जोडलेला कंप्युटर पहिल्या, त्याला विचारणारा दुसऱ्या. सोळावा थर म्हणजे ज्याच्या वेळेचा कशाशीच मेळ नाही असा. बँकेतला माझा थर मोजायला मी कधी धजलो नाही. पण हजेरीयंत्राचा थर मला त्या रात्री कळला.

आणखी एक गोष्ट कळली आणि झोप उडाली. आइन्स्टाइनच्या नियमाप्रमाणे उपग्रहावरचं घड्याळ जमिनीवरच्यापेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातं. ती चूक आधीच हिशेबात धरून दुरुस्त केलेली असते. आमच्या दारावरची चूक चार मिनिटांची, म्हणजे चोवीस कोटी मायक्रोसेकंदांची. ती धरायला कोणी नाही.

आठवडाभराच्या नोंदींचा कागद घेऊन मी साहेबांपुढे उभा राहिलो. त्यांनी तो उलटासुलटा पाहिला आणि विचारलं, “हा प्रमाणित कोणी केलाय?”

खोटं कशाला बोलू, प्रश्न बरोबर होता. माझ्या छतावरच्या घड्याळावर साहेबांनी का विश्वास ठेवावा? पण मग त्यांच्या भिंतीवरच्या घड्याळावर त्या बाईंनी का ठेवावा?

आणि इथेच माझं भांडण सुरू होतं. उमरेडच्या बाजारात मिरची तोलणाऱ्याला काटा पास करून घ्यावा लागतो. वजनमापवाले येतात, तपासतात, शिक्का मारतात. मुदत संपली की पुन्हा तेच. पेट्रोल पंपावर शंका आली तर पाच लिटरचं माप मागवून खात्री करून घेता येते. म्हणजे पावशेर मिरचीचा काटा पास पाहिजे. पण ज्या काट्यावर माणसाचा दिवस तोलून मजुरी कापतात, तो कोणाच्याही मनगटावरून लावलेला चालतो! दुकानदारानं शंभर ग्रॅम मारले तर आपण दुकान डोक्यावर घेतो. यंत्रानं चार मिनिटं मारली तर आपण त्याला शिस्त म्हणतो.

काहीजण म्हणतील, चार मिनिटांचं काय एवढं? मी म्हणतो, हे आधी यंत्राला सांगा. चार मिनिटं क्षुल्लक असतील तर त्यांपायी मजुरी कापू नका. आणि मजुरी कापण्याइतकी मोठी असतील तर ती नीट मोजा. परीक्षा केंद्राचं फाटक पहारेकऱ्याच्या घड्याळानं बंद होतं, तेव्हा बाहेर राहिलेल्या पोराचं वर्ष जातं. त्या पहारेकऱ्याचं घड्याळ कोणी पाहिलंय?

आता, प्रमाणवेळ ही काही देवानं दिलेली नाही. ती साडेब्याऐंशी अंश रेखांशावरची. आमचं उमरेड त्याच्या तीन अंशांहून थोडं जास्त पश्चिमेला. म्हणजे आमचा सूर्य घड्याळापेक्षा सरासरीनं बारा-तेरा मिनिटं मागे. सूर्याची हजेरी धरली तर मी त्या दिवशी चांगला चौदा मिनिटं लवकर आलो होतो. आईचं मत तेच आहे. मुंबईचा स्वतःचा टाइम तर ३९ मिनिटं मागे होता. १९०६ च्या जानेवारीत नवी वेळ आली, तेव्हा तिथल्या एका गिरणीतल्या कामगारांनी काम बंद ठेवून दगडफेक केली होती. पुढे चाळीसेक वर्षं तो जुना टाइम मुंबईत रेंगाळत राहिला. शेवटी सगळ्यांनी आपापला सूर्य सोडला आणि एक वेळ मान्य केली. तो एक करार आहे. बाईंनी तो पाळला. मोडला तो भिंतीवरच्यानं.

खरी वेळ दुर्मीळ आहे असंही नाही. नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा अणुघड्याळांवर ती राखते. २०२२ साली सरकारनं कंपन्यांना आणि कार्यालयांना कंप्युटरांची घड्याळं तिच्याशी जुळवायला सांगितलं, कंप्युटरवरच्या चोऱ्यांचा माग लागावा म्हणून. २०२५ च्या जानेवारीत ग्राहक व्यवहार खात्यानं वजनमापांच्या कायद्याखालीच प्रमाणवेळेच्या नियमांचा मसुदाही काढला. उत्तम! माझं मागणं त्याहून साधं आहे. जे घड्याळ माणसाला दंड करतं, त्याच्यावर एक चिठ्ठी असावी : वेळ कुठून घेतली, शेवटची कोणी तपासली, कधी. चिठ्ठी नसेल तर संशयाचा फायदा माणसाला, यंत्राला नव्हे.

माझ्या कागदाचा एवढा परिणाम झाला, की मेकॅनिक पुन्हा आला. त्यानं पुन्हा मनगटाकडे पाहिलं. आता यंत्र तीन मिनिटं मागे आहे. शाखेत आनंदीआनंद आहे. कोणाचीही तक्रार नाही. खरं सांगायचं तर पहिले पाच दिवस माझीही नव्हती.

सहाव्या दिवशी बाईंनी विचारलं, “भाऊ, आता मशीन खरी बोलून राहिली ना जी?”

मी संध्याकाळी अर्ज दिला. तेव्हापासून सहकारी माझ्याशी बोलत नाहीत. चहावाला तेवढा बोलतो. पण त्याच्या टपरीत घड्याळ नाही.