बीडला पाणी नाही, म्हणून पोरींनी होडीचं नावही काढायचं नाही का?

पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तर पूर्ण वाचा, आणि शिव्या द्यायच्या असतील तर वाचून झाल्यावर द्या.

श्रावणात कपिलधारला गेले होते. धबधबा जोरात कोसळत होता, माणसांची ही गर्दी. मन्मथस्वामींच्या समाधीचं दर्शन घेतलं आणि टपरीवर चहा सांगितला. शेजारच्या बाकड्यावर चार-पाच जण एका मोबाइलवर वाकून बसले होते. परदेशातल्या कुठल्यातरी स्पर्धेचा व्हिडिओ. समलिंगी खेळाडूंचा मेळावा, त्यात शिडाची होडी चालवणारा बायकांचा हौशी संघ. चाळिशी-पन्नाशीतल्या बाया. नंबर आला शेवटून दुसरा, आणि तरी काठावर उतरून एकमेकींना मिठ्या मारून रडत होत्या.

बाकड्यावर हशा पिकला. एक म्हणाला, "हरल्या तरी नाचतात." दुसरा म्हणाला, "नवरे नाहीत ना, मग काय काम आहे यांना." आणि तिसरा म्हणाला ते माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. "आपल्या बीडला प्यायला पाणी नाही, आणि यांना होड्या सुचतात."

मी तिथं काही बोलले नाही. चहाचे पैसे दिले आणि निघाले. मांजरसुंब्यापर्यंत स्वतःवर चिडत आले. म्हणून आता लिहिते.

सुरुवात पाण्यापासूनच करू.

बीडला पाणी नाही, हे मला सांगू नका. टँकरच्या रांगेत घागर घेऊन मी उभी राहिलेय. पण पाणी नसतं तेव्हा ते आणायला कोण जातं? बाई. आणि असतं तेव्हा पोहायला कोण जातं? पोरगा. पावसाळ्यात विहिरी भरल्या की गावातली पोरं काठावरून उड्या टाकतात, आणि त्यांच्याच वयाच्या बहिणी त्याच काठावर धुणं आपटत असतात. तेव्हा दुष्काळाचं कारण पोरींना सांगू नका. दुष्काळ सगळ्यांना आहे, पाण्यात उतरायची मनाई फक्त त्यांना आहे.

आणि समुद्र नाही म्हणून होडी नाही, हेही खोटं. नेहा ठाकूर हे नाव आठवतंय? मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची पोरगी. तिथं कुठला आलाय समुद्र? भोपाळच्या तलावावर ती शिडाची होडी शिकली, आणि २०२३ च्या आशियाई खेळांत हांगझोउला रौप्यपदक घेऊन आली. हैदराबादला समुद्र आहे का? तिथं हुसेनसागरवर सरकारी शाळांतली पोरं-पोरी शिडाच्या होड्या चालवतात. आपण १९५६ पर्यंत त्याच हैदराबाद राज्यात होतो. दख्खनचा तोच दगड, तोच वारा. आपल्याकडं माजलगावचं धरण आहे, मांजरा आहे, पलीकडं पैठणला नाथसागर पसरलाय. चांगल्या पावसाच्या वर्षी ही धरणं भरतात तेव्हा तिथं काय होतं? पुढारी जलपूजन करतात, साडी-नारळ सोडतात, फोटो काढतात, जातात. एका पोरीला त्या पाण्यात तरंगायला शिकवावं, असं कुणाच्या मनात येत नाही.

आता बायकांच्या होडीबद्दल.

२०१७ च्या सप्टेंबरात गोव्याहून नौदलाची 'तारिणी' निघाली. सहा बायका, पंचावन्न फुटांची शिडाची होडी. २१ मे २०१८ ला पृथ्वीला प्रदक्षिणा घालून त्या परत गोव्यालाच आल्या. होडी बांधली गोव्याच्या रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात. शिकवायला होते दिलीप दोंदे, म्हणजे २००९-१० मध्ये एकट्यानं शिडाच्या होडीतून जगाला फेरी मारणारे पहिले भारतीय. त्यानंतर २०२४-२५ मध्ये त्याच तारिणीवरून दिलना आणि रूपा या दोघीच जाऊन आल्या. दोघीच! केप हॉर्नच्या समुद्रात दोन बायका, आणि आपल्याकडं पोरीला बसस्टँडवर एकटी सोडायचं का यावर घरात बैठक बसते.

तारिणीच्या वेळी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पण जरा थांबा. त्या सहाजणी नौदलाच्या अधिकारी होत्या. मागे देश होता, वर्दी होती, तिरंगा होता. बाईनं देशासाठी होडी हाकली की ती वाघीण. स्वतःच्या हौसेसाठी हाकली की रिकामटेकडी. आणि ती हाकणारी बाई बाईवरच प्रेम करणारी निघाली, की ती विनोद. होडी तीच, वारा तोच, सुकाणू धरलेला हातही बाईचाच. मग फरक कुठं पडला? फरक बघणाऱ्याच्या डोळ्यांत पडला.

शिडाच्या होडीचं एक वैशिष्ट्य आहे. वाऱ्याच्या तोंडावर ती सरळ जाऊ शकत नाही. डावीकडं, मग उजवीकडं, अशी नागमोडी घेत जावं लागतं. प्रत्येक वळणाला शीड या बाजूचं त्या बाजूला जातं, आणि त्या क्षणी सगळ्यांना एकदम वाकून जागा बदलावी लागते. एक चुकली की सगळ्या पाण्यात. तिथं शेजारची बाई रात्री कुणाच्या कुशीत झोपते हे कुणी विचारत नाही. विचारतात एवढंच, की दोर वेळेवर सोडशील ना? अर्जेंटिनाची सेसिलिया करांझा ही अशीच उघडपणे समलिंगी म्हणून जगणारी बाई. २०१६ ला रिओत शिडाच्या होडीत ऑलिंपिक सुवर्ण जिंकली, आणि टोकियोला तिच्या देशानं तिच्या हातात झेंडा दिला.

"मग वेगळे खेळ कशाला? या ना सगळ्यांबरोबर." हा दुसरा सवाल. वरवर बघता रास्त आहे, म्हणून उत्तर देते.

हे खेळ सुरू केले टॉम वॉडेल नावाच्या डॉक्टरनं, १९८२ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोत. हा माणूस १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये डेकॅथलॉनला सहावा आला होता, म्हणजे हौशी नव्हता. पण त्यानं नियम केला तो हौशी माणसासाठी: पात्रता फेरी नाही, किमान वेळ नाही, ज्याला खेळायचंय त्यानं यावं. समलिंगी असण्याचीसुद्धा अट नाही. पहिल्या वर्षी तेराशेच्या आसपास खेळाडू आले. नाव 'गे ऑलिंपिक' ठेवायचं होतं. अमेरिकेच्या ऑलिंपिक समितीनं कोर्टात जाऊन ते थांबवलं, आणि १९८७ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयानंही समितीच्याच बाजूनं निकाल दिला. म्हणून 'गे गेम्स'. ज्यांना 'या ना सगळ्यांबरोबर' म्हणताय, त्यांना 'सगळ्यांनी' नावसुद्धा वापरू दिलं नाही.

आणि आपल्याकडं 'सगळ्यांबरोबर' गेलेल्यांचं काय झालं? तामिळनाडूची शांती सौंदराजन. आईबाप वीटभट्टीवर. २००६ ला दोहाच्या आशियाई खेळांत ८०० मीटरला रौप्य जिंकली. मग तिची 'बाई आहेस का' अशी तपासणी झाली आणि पदक काढून घेतलं. ओडिशाची द्युती चंद. विणकराची पोर. २०१४ ला राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर संघातून काढली, का तर शरीरात जन्मतः संप्रेरक जास्त. ती लढली, आणि २०१५ ला आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादानं तो नियम स्थगित केला. २०१९ ला तिनं आपलं एका मुलीवर प्रेम आहे असं सांगितलं, तर घरातूनच विरोध. वीटभट्टीवाल्याची पोर, विणकराची पोर. हे श्रीमंतांचे चोचले आहेत म्हणणाऱ्यांनी ही दोन नावं लिहून ठेवावीत.

"आपल्याकडं असलं काही नसतं" हा तिसरा सवाल. खरंच?

ललित साळवे कुठला? माजलगाव तालुक्यातला, आपल्याच बीडचा. ललिता म्हणून पोलिसात भरती झाला. २०१७ ला शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली तर नियमात बसत नाही म्हणाले. कोर्टाचं दार ठोठवावं लागलं. शेवटी सरकारनं परवानगी दिली, २०१८ ला मुंबईत शस्त्रक्रिया झाली, नोकरी टिकली, पुढं लग्न झालं, मूलही झालं. त्याची गोष्ट समलिंगी बायकांच्या गोष्टीपेक्षा वेगळी आहे, हे मला कळतं. पण एक गोष्ट तिनं सिद्ध केली: बीड जिल्ह्यावर आभाळ कोसळलं नाही. धबधबा तसाच पडतोय, कार्तिकीची यात्रा तशीच भरतेय.

आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. शाळेत आमचा खो-खोचा संघ होता. त्यात एक पोरगी होती, खांबावरून अशी वळायची की पकडणारी तोंडावर पडायची. केस बारीक ठेवायची, शर्ट घालायची. एका मैत्रिणीशी फार जीव. बस, एवढ्यावरून कुजबुज सुरू झाली. एका बाईंनी सगळ्यांसमोर तिला विचारलं, "तू नक्की मुलगी आहेस ना गं?" सगळा वर्ग हसला. मीपण हसले. दुसऱ्या दिवसापासून ती मैदानावर आली नाही. बारावीच्या आत लग्न झालं. ती कोण होती, तिचं मन कुणावर होतं, मला माहीत नाही, आणि ते विचारायचा हक्कही मला नव्हता. मला माहीत आहे ते एवढंच, की तिच्यासारखी खेळणारी पोरगी मी पुन्हा पाहिली नाही. कपिलधारच्या त्या टपरीवर हशा ऐकला तेव्हा मला तो वर्ग आठवला. म्हणून ही पोस्ट. माफीसुद्धा हीच समजा.

खो-खोचं निघालंच म्हणून: जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या पोरींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. कर्णधार प्रियांका इंगळे, मूळची केज तालुक्यातली. स्टेपलचेसवाला अविनाश साबळे आष्टीचा. म्हणजे या मातीत दम नाही असं कुणी म्हणू शकत नाही. पण चौकाचौकांत लागतात ते पदकवाल्यांचे बॅनर. पदक न आणणाऱ्या, नुसतं खेळावंसं वाटणाऱ्या पोरीचं काय? तिला मैदानाचा हक्क नाही? पुरुषांना कुणी विचारतं का, "रोज संध्याकाळी व्हॉलीबॉल खेळता, पदक कधी आणणार?" टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला होतात, त्यात कोण ऑलिंपिकला चाललंय? हौस पुरुषाची असली की विरंगुळा, बाईची असली की थेरं.

आणि बाईच्या शरीराबद्दल या जिल्ह्यानं तरी जरा जपून बोलावं. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्यांचा प्रश्न २०१९ ला राज्यभर गाजला. सरकारनं नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली. तेव्हा 'संस्कृती' कुठं होती? कोयता थांबू नये म्हणून बाईचं शरीर कापलेलं चालतं. तेच शरीर तिनं स्वतःच्या आनंदासाठी वाऱ्यावर झोकलं, आवडत्या माणसाच्या गळ्यात टाकलं, की संस्कृती बुडते. होय ना?

संस्कृतीचंच विचारता, तर मग कपिलधारचीच सांगते. मन्मथस्वामी ज्या परंपरेतले, त्या परंपरेत इष्टलिंग बाईच्याही गळ्यात असतं आणि पुरुषाच्याही. देव ज्याच्या त्याच्या अंगावर. अक्कमहादेवीनं बाराव्या शतकात राजवाडा सोडला, लाज सोडली, लोक काय म्हणतील ते सोडलं, आणि तिला आपण संत म्हणतो. आठशे वर्षांपूर्वीच्या बाईला जे माफ आहे ते आजच्या बाईला का नाही? मी शास्त्र सांगत नाही, तेवढा माझा अभ्यास नाही. मी एवढंच म्हणते, की त्या समाधीला हात जोडून वर आलेल्या माणसानं दुसऱ्याच्या देहाला हसू नये.

कायद्याचं तर झालंच आहे. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, दोन सज्ञान माणसांचं प्रेम हा गुन्हा नाही. २०२३ ला लग्नाचा हक्क मात्र दिला नाही. म्हणजे कोर्टानं अर्धं दार उघडलंय. टपरीवरच्या बाकड्यानं तेही लावून घ्यायचं ठरवलंय.

मागणी मोठी नाही. बीडमधून उद्या 'गे गेम्स'ला संघ पाठवा असं मी म्हणत नाही. मी म्हणते:

शाळेत पोरीला पोहायला शिकवा. विहिरीत, तलावात, जिथं जमेल तिथं, जाणत्या बाईच्या देखरेखीखाली.

माजलगावच्या धरणावर दोन-चार लहान शिडाच्या होड्या आणा. एका जलपूजनाचा मांडव कमी घाला.

खेळणाऱ्या पोरीचे केस, कपडे, चाल, मैत्रिणी यांवर शिक्षकांनी बोलायचं नाही. एक शब्दही नाही.

आणि बाकड्यावर हशा पिकला की कुणीतरी एकानं म्हणायचं, "हसण्यासारखं काय आहे त्यात?" एवढंच. मी त्या दिवशी म्हटलं नाही. पुढच्या वेळी म्हणेन.

त्या बाया शेवटून दुसऱ्या आल्या म्हणून तुम्ही हसलात. त्या पाण्यात तरी उतरल्या होत्या, दादा. आपल्या पोरी अजून काठावर धुणं धुताहेत.