मधला माणूस

आमच्या सुप्याच्या बाजारात ‘मधला माणूस’ म्हटले की दलालच आठवतो. पण दुसऱ्या तऱ्हेचाही मधला माणूस असतो. आपल्याच जिल्ह्यातील, कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. गावठी बियाणे मात्र त्यांनी जपले. ‘बायफ’ संस्थेने बियाणे बँकेसाठी साथ दिली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ज्ञान राहीबाईंचे, संस्था पूल झाली.

माझी आई हुलग्याचे बी राखेत घोळून मडक्यात ठेवते. घरातला पहिला कॉलेजकुमार मी; तिलाच अडाणी म्हणालो! वास्तविक तिची भाषा मला येते, पुस्तकाचीही थोडी येते. मग पूल कोणी व्हायचे? मित्रहो, या सुट्टीत प्रत्येकाने घरचे एक वाण, पेरणीच्या वेळेसह, वहीत लिहून आणावे. सांगणाऱ्या आईचे नाव वर घालावे, आपले खाली.