गविनीतील धातुनलिका आणि आपले कर्तव्य

गविनीसंकोचाचा रुग्ण वैद्याकडे बहुधा दोनदा येतो. पहिल्यांदा निदानापूर्वी, कटिशूल घेऊन. आणि दुसऱ्यांदा स्टेंट बसविल्यानंतर, वारंवार मूत्रप्रवृत्ती, दाह व रक्तमिश्रित मूत्र यांची तक्रार घेऊन. दोन्ही वेळी अधिक विचारपूस न करता गोक्षुर-पुनर्नव्याचा काढा देण्याची सवय आपल्यापैकी काहींना जडली आहे. ही सवय सोडली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

गविनी ही सुमारे २५ ते ३० सें.मी. लांबीची, अवघ्या ३-४ मि.मी. पोकळीची नलिका आहे. दीर्घकाळ अडकलेली अश्मरी, दुर्बिणीद्वारे केलेली शस्त्रक्रिया, गर्भाशय काढताना झालेली इजा, क्षयरोग किंवा किरणोपचार यांमुळे ती आकसते. गर्भाशयमुखाच्या वा मोठ्या आतड्याच्या कर्करोगात ती बाहेरून दाबली जाते. चरकाचार्यांच्या चार स्रोतोदुष्टींपैकी हा ‘संग’ होय. संग तसाच ठेवून मूत्रल द्रव्ये दिली, तर मूत्र वाढते, वाट वाढत नाही. सारा दाब मूत्रपिंडावर येतो. पुढे शूल आपोआप शमतो आणि गुण आल्याचा भास होतो, परंतु मूत्रपिंड निकामी होत चाललेले असू शकते. दुसरे मूत्रपिंड सुस्थितीत असल्यास क्रिएटिनिनही वाढलेले दिसत नाही. म्हणून अशा रुग्णात सोनोग्राफीशिवाय चिकित्सा करणे आम्हास अयोग्य वाटते.

डबल-जे स्टेंट १९७८ मध्ये प्रचारात आला. प्लॅस्टिकसदृश द्रव्याचा हा स्टेंट साधारणतः ३ ते ६ महिन्यांनी बदलावा लागतो आणि गाठीच्या दाबाखाली बंद पडतो. धातूचे स्टेंट हा दाब अधिक सोसतात. निकेल, कोबाल्ट, क्रोमियम व मॉलिब्डेनम यांच्या मिश्रधातूच्या तारेची घट्ट गुंडाळी असलेला स्टेंट १२ महिन्यांपर्यंत ठेवता येतो. निकेल-टायटॅनियमचा एक प्रकार उष्ण जलाने फुलतो व काढतेवेळी शीत जलाने मऊ होतो. कर्करोगाने क्षीण झालेल्या रुग्णाची वारंवारची भूल टळते, हा लाभ मोठा आहे. तथापि या स्टेंटवरही क्षार साचतात, तो सरकतो, जंतुसंसर्ग होतो. काही प्रकारांत ऊती वाढून वाट बुजते. संकोच लहान व सौम्य असून शस्त्रक्रियेने दूर होण्याजोगा असल्यास तो मार्ग आधी विचारात घ्यावा.

सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या २० व्या अध्यायात निरुद्धप्रकशासाठी दोन्ही मुखे खुली असलेली लोहाची, लाकडाची वा लाखेची नळी घृत लावून घालण्यास सांगितले आहे. तो विषय बाह्य मूत्रमार्गाचा आहे. त्याच्या आधारे ‘स्टेंट आमचाच’ असा अभिमान मिरवणे अनुचित ठरेल. परंतु दर तीन दिवसांनी अधिक स्थूल नळी घालावी, असेही आचार्य तेथेच सांगतात. नळी घालण्याबरोबर ती बदलण्याचा काळही ठरवावा, हा बोध आपण अवश्य घ्यावा.

वैद्यबंधूंनी रुग्णपत्रिकेत स्टेंटचा प्रकार, बसविल्याची तारीख आणि बदलण्याची तारीख नोंदवावी. दाह, मलबद्धता, अग्निमांद्य यांवर मूत्ररोगतज्ज्ञास कळवून जरूर उपचार करावेत. मात्र आपल्या औषधाने आराम पडला म्हणजेच रुग्ण स्टेंट विसरण्याचा संभव वाढतो, हे ध्यानी ठेवावे. थंडी वाजून ताप व कटिशूल असल्यास क्षणाचाही विलंब न करता रुग्णालयात पाठवावे. औषधालयांच्या चालकांनी अश्मरीचे औषध देण्यापूर्वी ‘मूत्रमार्गात नळी बसविली आहे का?’ एवढे विचारावे आणि उत्तर होकारार्थी असल्यास रुग्णाला वैद्याकडे पाठवावे. त्या एका विक्रीपेक्षा रुग्णाचे मूत्रपिंड निश्चितच मोलाचे आहे.