वेदना सोसू नका, सांगा

ऑपरेशन ठरले की घरात पहिला प्रश्न असतो, "सर्जन कोण?" भूल कोण देणार, हे फारसे कुणी विचारत नाही. ऑपरेशन चालू असताना रुग्णाचा श्वास, नाडी, रक्तदाब सांभाळणारे भूलतज्ज्ञ आपल्याला नावानेही ठाऊक नसतात. १९४७ पासून त्यांची अखिल भारतीय संघटना आहे आणि तिची वार्षिक परिषदही भरते. या शास्त्राचा आता आणखी एक मोठा विषय झाला आहे, तो म्हणजे वेदना. शरीर बधिर करण्याची विद्या ज्यांच्या हाती, त्यांच्यातलेच अनेक डॉक्टर जुनाट दुखण्यांवर आणि कॅन्सरच्या वेदनांवरही उपचार करतात.

डॉक्टरांच्या परिषदेशी आपला काय संबंध, असे वाटेल. पण आपल्या जळगाव-धुळ्याकडचे कॅन्सरचे रुग्ण मुंबईला टाटा रुग्णालयात जातात, उपचार घेतात आणि परत येतात. पुढच्या रात्री घरच्यांनाच काढायच्या असतात. एखादी मुलगी वर्गात पेंगते. जवळ घेऊन विचारले तर कळते, "टीचर, दादी रातभर कण्हत होती." त्या दादीपर्यंत औषध पोहोचते का, हाच वेदनाशास्त्राचा खरा प्रश्न आहे.

कॅन्सरच्या तीव्र वेदनांवर मॉर्फिन हे जुने, परिणामकारक आणि फार महाग नसलेले औषध आहे. ते अफूपासून बनते. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात नीमच-मंदसौर भागात सरकारी परवान्याने अफूची शेती होते. स्वयंपाकघरातली खसखस त्याच झाडाचे बी. म्हणजे कच्चा माल आपल्या दारात. तरीही १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने परवाने इतके किचकट झाले आणि शिक्षा इतकी कडक, की रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. नशेबाजांना रोखताना रुग्णांचीही वाट बंद झाली.

याविरुद्ध आवाज उठवला तो डॉक्टरांनीच. केरळचे भूलतज्ज्ञ डॉ. एम. आर. राजगोपाल यांनी सहकाऱ्यांसह १९९३ मध्ये कोझिकोडला वेदनाशमनाचे केंद्र सुरू केले. पुढे २००७ मध्ये हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेण्यात आला. अखेर २०१४ मध्ये संसदेने कायदा बदलला. आता मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला अनेक परवान्यांच्या मागे धावावे लागत नाही. २०१८ मध्ये डॉ. राजगोपाल यांना पद्मश्री मिळाली. पण कायदा बदलला म्हणून औषध आपोआप तालुक्याला येत नाही. ते ठेवणारी संस्था लागते, लिहून देणारा प्रशिक्षित डॉक्टर लागतो आणि मागणारे घरही लागते.

मागणारे घर मात्र घाबरलेले असते. "सवय लागेल," ही पहिली भीती. डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेसाठी घेतलेल्या मॉर्फिनचे व्यसन क्वचितच लागते. "मॉर्फिन दिले म्हणजे शेवट आला," ही दुसरी. तसे नाही. वेदना कमी झाली की रुग्ण जेवतो, झोपतो, नातवंडांशी बोलतो. तिसरी भीती आपल्या घरांतली, "हे नशेचे औषध, मग जायज कसे?" मनात शंका असेल तर आलिमांना जरूर विचारा, पण डॉक्टरांनी कशासाठी लिहून दिले, ही पूर्ण हकीकत सांगून विचारा. आणि सब्र म्हणजे इलाज नाकारणे नव्हे. ताप आला की आपण गोळी घेतोच ना?

घरच्यांनी एवढे करावे. रुग्णाला रोज विचारा, "शून्य ते दहापैकी दुखणे किती?" आकडा वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. मॉर्फिनची गोळी सांगितलेल्या वेळेला द्या. दुखणे असह्य होईपर्यंत थांबू नका. या औषधाने बद्धकोष्ठता होते, म्हणून त्यावरचे औषधही मागून घ्या. सुरुवातीचे काही दिवस गुंगी, मळमळ असू शकते. गुंगी फार वाढली किंवा श्वास मंद वाटला तर लगेच डॉक्टरांना कळवा. मात्रा स्वतःहून वाढवू नका, औषध एकदम बंद करू नका, दुसऱ्या कुणाला देऊ नका. गोळ्या कुलपात ठेवा.

टाटाला जाणार असाल तर परतण्यापूर्वी वेदनाशमन विभागाची चिठ्ठी घेतल्याशिवाय निघू नका. गावातल्या डॉक्टरांनाही विचारा, "हे औषध इथे कुठे मिळेल?" उत्तर "नाही" आले तरी विचारत राहा. मागणीच नसेल, तर कुठल्या रुग्णालयाला ते ठेवावेसे वाटेल?

आपल्या घरातले बुजुर्ग दुखणे लपवतात. मुलांवर खर्चाचा बोजा नको, म्हणून "अब ठीक है" म्हणतात. त्यांच्या शब्दांवर जाऊ नका, चेहरा पाहा. पाय दाबून देणे ही खिदमत आहेच. त्यांच्या वतीने औषध मागणे हीसुद्धा खिदमतच आहे.