बंदी नको, परीक्षा घ्या!

१९४८ साली लंडनमध्ये कॉलिन चॅपमन या तरुणाने जुन्या ऑस्टिन सेव्हनवरून एका गॅरेजात शर्यतीची मोटार उभी केली. पुढे त्यातूनच ‘लोटस’ जन्माला आली.

तसा तरुण आज पुण्यात असता तर? चौकोनी पोलादी नळ्यांची चॅसी तो संगणकावरच रचील. एक चाक खड्ड्यात गेले की सांगाडा किती पिळवटतो, गाडी वळणावर झुकली की टायर रस्त्यावर कसा टेकतो, स्टिअरिंगची दांडी आखूड पडली तर नुसत्या उंचवट्यानेही गाडी कशी भरकटते, हे एकही नळी कापण्यापूर्वी त्याला कळेल. ‘बाहा’ आणि ‘सुप्रा’ स्पर्धांत आपली मुले हेच तर करतात! मात्र या विद्येने स्वतःची गाडी रस्त्यावर आणू म्हटले, की दार बंद. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही. आणि नव्या गाडीच्या मान्यतेची सारी व्यवस्था कारखानदार डोळ्यांपुढे ठेवून आखलेली.

सुरक्षेची शंका रास्तच आहे. संगणकातला सांधा नेहमीच निर्दोष असतो, वेल्डिंग तसे नसते. आणि भार चुकीचा धरला तरी पडद्यावरचे रंगीत चित्र तितकेच देखणे दिसते. म्हणून तर तपासणी हवी. ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या एकेका गाडीचे ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, धूर तपासून नोंदणी देतात. पुण्यात १९६६ पासून एआरएआय उभी आहे. एकुलती एक गाडी घेऊन येणाऱ्याची, त्याला परवडेल अशा शुल्कात, परीक्षा घ्यायला नेमके अडते कुठे?